घोरणं मध्येच थांबतं, ते ऐका

प्रश्न : माझे बाबा ५७ वर्षांचे आहेत, बँकेत नोकरी. उंची पाच फूट पाच इंच, वजन ८४ किलो. इतके घोरतात की दोन वर्षांपासून आई हॉलमध्ये दिवाणावर झोपते. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठतात. शुगर, प्रोस्टेट तपासून झालं, विशेष काही निघालं नाही. ब्लड प्रेशरच्या तीन गोळ्या चालू आहेत, तरी वरचा आकडा १५०च्या खाली येत नाही. मागच्या महिन्यात ओंकारेश्वरहून परतताना सिमरोळच्या घाटात गाडी चालवता चालवता त्यांचा डोळा लागला. आई ओरडली म्हणून वाचलो. बाबांचं म्हणणं, "आपल्या घराण्यात सगळेच खर्राटे मारतात, आणि मला तर घोडे विकल्यासारखी झोप लागते." नाकाला लावायची क्लिप मागवली, फरक नाही. तपासणी खरंच लागते का? ऑपरेशनने सुटेल का? झोपताना लावायच्या हवेच्या मशीनची सवय लागते म्हणतात, ते खरं का? आणि माझा पाच वर्षांचा मुलगाही घोरतो. हे आनुवंशिक असतं का? (लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर :

आधी गाडीची किल्ली. बाकीचं उत्तर सावकाश वाचा, पण किल्ली आजच तुमच्याकडे घ्या. इलाज सुरू होऊन दिवसाची पेंग जाईपर्यंत बाबांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही, स्कूटरही नाही. ते चिडतील, चिडू द्या. घाटातली ती डुलकी ही तुमच्या पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट आहे, आणि तुम्ही ती चौथ्या क्रमांकावर लिहिलीत.

आता आईला एक प्रश्न विचारा. बाबा घोरताना मध्येच एकदम शांत होतात का? आवाज चढत जातो, मग काहीच नाही, आईला वाटतं "बरं झालं, थांबले एकदाचे", आणि पंधरा-वीस सेकंदांनी गुदमरल्यासारखा, घशातून फुटणारा मोठा घोट. मग पुन्हा घोरणं. असं होत असेल, तर दुखणं त्या आवाजात नाही, त्या मधल्या शांततेत आहे. मी चोवीस वर्षं इथे कान-नाक-घशाची प्रॅक्टिस करतोय. लोक येतात ते आवाजाची तक्रार घेऊन. शांततेबद्दल आपण होऊन कुणी बोलत नाही, कारण घरच्यांच्या दृष्टीने ती सुटका असते.

त्या वेळात घडतं काय, ते सांगतो. आपल्या श्वासनलिकेला कूर्चेच्या, म्हणजे मऊ हाडाच्या, कड्या असतात, त्यामुळे ती कधी मिटत नाही. पण नाकाच्या मागपासून स्वरयंत्रापर्यंतचा जो घसा आहे, त्याला आधार द्यायला अशी एकही कडी नाही. गिळायला आणि बोलायला तो मऊ असावाच लागतो. जागेपणी तिथले स्नायू त्याला ताणून उघडा ठेवतात. झोपेत ते सैल पडतात, जीभ मागे सरकते, मानेतली चरबी बाहेरून दाबते. सराफ्यातली, म्हणजे आपल्या रात्रीच्या खाऊबाजारातली, घट्ट दुधाची शिकंजी कागदी स्ट्रॉने ओढून बघा. स्ट्रॉ भिजून मऊ झाली की जितकं जोरात ओढाल तितकी ती चपटी होते. अर्धी चपटी झाली की पडजीभ आणि मऊ टाळू फडफडतात, ते घोरणं. पूर्ण चपटी झाली की छाती-पोट ओढत राहतात, पण हवा आत जात नाही. असा श्वास १० सेकंद किंवा जास्त थांबला की त्याला ॲप्निया म्हणतात. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू काही सेकंद जागा होतो, स्नायू ताणतो, घोट घेतो, पुन्हा झोपतो. ही जाग इतकी छोटी असते की सकाळी तिची आठवण राहत नाही. म्हणून बाबा अगदी मनापासून सांगतात की झोप उत्तम लागते. ते खोटं बोलत नाहीत. या दुखण्यात रोग्याची साक्ष कच्ची आणि शेजारी झोपणाऱ्याची पक्की, एवढंच.

लघवीचंही इथेच सुटतं. बंद घशातून हवा ओढताना छातीत जी ओढ निर्माण होते तिने हृदयाच्या वरच्या कप्प्यांवर ताण येतो. हृदयाला वाटतं शरीरात पाणी जास्त झालंय, आणि ते एक हार्मोन सोडतं, जे मूत्रपिंडांना पाणी बाहेर टाकायला सांगतं. म्हणजे बाबा लघवी लागली म्हणून उठतात हे अर्धंच खरं. श्वास अडल्यामुळे लघवी तयार होते आणि श्वास अडल्यामुळेच जागही येते. प्रोस्टेटच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाऊन मग माझ्याकडे आलेले गृहस्थ मी बरेच पाहिलेत. पहिल्या आठवड्यात मशीनवर ते एकदाच उठले की घरात जो आनंद होतो, तो घोरणं थांबल्याच्या आनंदाहून मोठा असतो.

ब्लड प्रेशरचं गणितही तेच. निरोगी माणसाचं प्रेशर रात्री साधारण १० ते २० टक्के उतरतं, तो हृदयाचा आरामाचा वेळ. बाबांच्या शरीरात मात्र रात्रभर दर दीड-दोन मिनिटांनी धोक्याची घंटा वाजत असेल, तर ते उतरणार कसं? तीन गोळ्यांनीही प्रेशर ताब्यात येत नाही तेव्हा चौथी लिहिण्याआधी झोपेबद्दल विचारायला हवं. ते अजून सगळीकडे विचारलं जात नाही, ही माझ्याच व्यवसायाची उणीव.

दिवसाची पेंग मोजायला आठ प्रश्नांची एक साधी यादी आहे, एपवर्थ नावाची. वाचताना, टीव्ही बघताना, कुणाशी बोलताना, सिग्नलला थांबल्यावर झोप येण्याची शक्यता किती, असे प्रश्न. एकूण गुण २४, आणि १० च्या वर गेलं तर दखल घ्यायची. फक्त ती रविवारी भरू नका. दाल-बाफले तुपात बुडवून खाल्ल्यावर इंदुरात जागा राहणारा माणूस मला अजून भेटायचाय.

घरी करण्यासारखं एक काम आहे. मोबाइलवर बाबांच्या झोपेचं रेकॉर्डिंग करा, पण रात्री अकराचं नको, पहाटे चार-पाचच्या सुमाराचं. स्वप्नांची झोप रात्रीच्या शेवटच्या भागात जास्त असते आणि त्या वेळी घशाचे स्नायू सगळ्यात सैल असतात. उताणे झोपलेले असताना दहा मिनिटं चित्र आणि आवाज दोन्ही घ्या, पांघरूण छातीखाली ठेवा. आवाज बंद आहे आणि छाती-पोट मात्र झोपाळ्यासारखं उलटसुलट हलतंय, असं दिसलं तर माझं अर्धं काम झालं. कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर घरात असेलच. तो बोटाला लावून लोक फसतात, कारण श्वास थांबलेला असताना आकडा ९६ दाखवत राहतो आणि श्वास सुरू झाल्यावर मग तो ८५वर घसरतो. फुप्फुसातलं रक्त बोटापर्यंत पोचून आकडा बदलायला वीस-तीस सेकंद जातात. आकडा पडतोय हे कळलं तर उपयोग आहे. पडत नाही म्हणून रोग नाही, असं मात्र ठरवू नका. मनगटी घड्याळांचंही तेच.

तपासणी लागते, हो. तिचं नाव पॉलिसोम्नोग्राफी, आपण स्लीप स्टडी म्हणू. हॉस्पिटलमध्ये एक रात्र झोपायचं. डोक्याला, डोळ्यांशेजारी, हनुवटीला, पायांना तारा, छाती-पोटाला पट्टे, नाकाशी हवा मोजणारी नळी, बोटाला ऑक्सिमीटर. "इतक्या तारांत झोप कशी लागणार?" हे प्रत्येक जण विचारतो आणि बाबांसारखा प्रत्येक जण बारा मिनिटांत घोरायला लागतो. तुमच्या वर्णनावरून बाबांना कमी तारांची, घरी करायची चाचणीही पुरेल. हृदय कमकुवत असणं, पूर्वी लकवा झालेला असणं, फुप्फुसांचा जुना आजार, यांपैकी काही असेल तर मात्र लॅबमध्येच जा, कारण काही लोकांत घसा उघडा असूनही मेंदूच श्वासाचा हुकूम द्यायला विसरतो, आणि तो वेगळा रोग आहे.

रिपोर्टची पानं दहा-बारा असतात. तुम्ही एकच आकडा शोधा : एएचआय. तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला, त्याची सरासरी. ५ च्या आत ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. समजा सहा तासांच्या झोपेत २४० वेळा झालं, तर एएचआय ४०. म्हणजे दर दीड मिनिटाला कुणीतरी गळा दाबतंय आणि सोडतंय, रोज रात्री. हा आकडा मोठ्याने वाचला की "आमच्या घराण्यात सगळेच घोरतात" हे वाक्य सहसा पुन्हा येत नाही.

घराण्याचं म्हणणं तसं अगदीच चूक नाही. जबड्याची ठेवण, मानेची जाडी, वजन वाढण्याची प्रवृत्ती हे सगळं पिढीजात येतं. आपल्याकडे तर जबडा लहान आणि घशातली जागा अरुंद असल्याने पाश्चात्त्यांपेक्षा कमी वजनातही हा रोग होतो. बाबांचा बीएमआय ३१च्या आसपास येतो. भारतीयांसाठी २५लाच लठ्ठपणा सुरू होतो. टेलरच्या टेपने मान मोजा. ४० सेंटिमीटरच्या वर असेल, किंवा शर्टाचं वरचं बटण लागेनासं झालं असेल, तर संशय वाढतो. पण आजोबाही घोरायचे म्हणून हे निरुपद्रवी, असं कसं? आजोबांची स्लीप स्टडी कुणी केली होती?

नातवाची गोष्ट वेगळी आहे. पाच वर्षांच्या मुलाने रोज घोरणं कधीच नॉर्मल नसतं. त्याचं कारण बहुतेक वेळा नाकामागच्या ॲडिनॉइडच्या गाठी आणि टॉन्सिल. खुणा अशा : तोंड उघडं टाकून झोपणं, मान मागे टाकणं, खूप घाम, अंथरूण ओलं होणं, आणि दिवसा पेंगण्याऐवजी उलट चंचलपणा. मुलं झोप कमी झाली की धिंगाणा घालतात, आणि शाळेतून तक्रार येते ती "लक्ष देत नाही" अशी. मोठ्यांमध्ये मी ऑपरेशनला बिचकतो. मुलांमध्ये गाठी मोठ्या असतील तर ऑपरेशन हा पहिला इलाज, आणि निकाल सुरेख. त्याला वेगळं दाखवा, बाबांच्या रांगेत उभं करू नका.

मोठ्यांच्या ऑपरेशनबद्दल सर्जन असूनही सांगतो : घाई करू नका. टाळू आणि पडजीभ कापून घसा रुंद करायचं ऑपरेशन १९८० च्या दशकापासून आहे. सुरुवातीच्या वर्षांत मीही उत्साहाने केली. अडचण अशी की घसा किती ठिकाणी मिटतो हे माणसागणिक बदलतं. टाळू मोकळा केला आणि जीभ मागे पडतच राहिली, तर श्वास थांबतच राहतो. उज्जैनचे एक व्यापारी दुसरीकडे ऑपरेशन करवून आले होते. घोरणं साफ गेलं, घरात पेढे वाटले. दोन वर्षांनी माझ्याकडे आले ते दुकानात गिऱ्हाइकासमोर पेंगतात म्हणून. स्टडी केली तर एएचआय ३६. फडफडणारा पडदा काढून टाकला होता, त्यामुळे आवाज गेला. नळी तशीच मिटत होती, आणि आता बायकोला जाग आणणारी खूणही उरली नव्हती. तेव्हापासून आवाज बंद करायला कुणी आलं की मी स्टडीशिवाय सुरीला हात लावत नाही. टॉन्सिल फार मोठे असतील, किंवा जबडाच फार मागे असेल, तर ऑपरेशनचा खरा फायदा होतो. नाकाचं वाकडं हाड सरळ केल्याने ॲप्निया जात नाही, पण मशीन लावणं सुसह्य होतं. त्या हेतूने करायला हरकत नाही.

मशीन म्हणजे सीपॅप. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये ते जगापुढे मांडलं, आणि सुरुवातीच्या यंत्राचा पंखा व्हॅक्यूम क्लीनरचा होता. फक्त हवा ओढायच्या ऐवजी ढकलायची. ते ऑक्सिजन देत नाही. खोलीतलीच हवा थोड्या दाबाने नाकातून आत सोडतं आणि त्या हवेचा टेकू मिळाला की घसा मिटत नाही. सवयीचं म्हणाल, तर कमानीला टेकूची सवय लागते का? टेकू असेपर्यंत कमान उभी, काढला की जिथे होती तिथे. मशीनने घसा ढिला होत नाही, आणि सोडल्यावर पूर्वीपेक्षा वाईट अवस्थाही होत नाही. मात्र तुमच्या प्रश्नामागचा प्रश्न "जन्मभर लावायचं का" हा असेल, तर उत्तर : वजन बरंच उतरलं नाही तर बहुधा हो.

पहिले पंधरा दिवस सगळं ठरवतात. मशीन कपाटावर धूळ खात पडतं ते त्या पंधरा दिवसांत कुणी लक्ष न दिल्याने. विकत घेण्याआधी भाड्याने आणा. मास्क घालून आधी संध्याकाळी टीव्हीसमोर वीस-वीस मिनिटं बसायला सांगा, झोपायचं नाही, नुसतं बसायचं. बाबांना मिशा आहेत का? भरघोस मिशांतून हवा गळते आणि लोक पट्टे आवळत जातात, मग नाकावर वळ उठतात. अशांना नाकपुड्यांशी बसणारा छोटा मास्क बरा. नाक कोरडं पडत असेल, आणि आपल्या माळव्यात उन्हाळ्यातही पडतं, थंडीतही पडतं, तर मशीनला पाण्याची टाकी जोडा, तिच्यात डिस्टिल्ड वॉटर. मास्कची गादी रोज साबणाने धुवायची, फिल्टर महिन्याकाठी बघायचा. दिवे गेले तर इन्व्हर्टरवर चालतं. अवंतिकाने मुंबईला जाताना सोबत न्या. डब्यातले लोक दुवा देतील.

मशीन किती तास लावलं आणि उरलेला एएचआय किती, हे मशीनच नोंदवतं. रात्री किमान चार तास लावणं हा हिशेबापुरता आकडा आहे, ध्येय नाही. २०१६ मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत असं आढळलं की आधीच हृदयरोग किंवा लकवा झालेल्यांमध्ये सीपॅपने पुढचे झटके कमी झाले नाहीत. पेंग आणि मनःस्थिती मात्र सुधारली. तिथले लोक सरासरी ३.३ तासच मशीन लावत होते. माझ्या मते हे गल्लीत हेल्मेट घालून हायवेवर ते डिकीत ठेवण्यासारखं आहे, कारण सगळ्यात वाईट वेळ पहाटेची. तरीही मी कुणाला "मशीनने हार्ट अटॅक टळेल" असं वचन देत नाही. पेंग जाईल, रात्रीची लघवी कमी होईल, प्रेशर थोडं उतरेल, असं सांगतो. प्रेशरच्या गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत.

वजनाबद्दल अमेरिकेतल्या एका दीर्घ अभ्यासाचा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे : १० टक्के वजन उतरलं तर एएचआय साधारण २६ टक्क्यांनी कमी होतो, आणि १० टक्के वाढलं तर ३२ टक्क्यांनी वाढतो. बाबांनी साडेआठ किलो उतरवले तर ४० चा आकडा ३० वर येईल. चांगलंच, पण मशीन सोडण्याइतकं नाही. म्हणून "आधी वजन कमी करतो, मग बघू" हे मला मान्य नाही. झोप पुरी झाली की चालायला उमेद येते, दोन्ही बरोबर चालू द्या. वजन उतरवणारं टिर्झेपॅटाइड नावाचं इंजेक्शन अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठपणासह असलेल्या मध्यम-तीव्र ॲप्नियासाठी मंजूर झालं, आणि २०२५ पासून भारतात मधुमेह-लठ्ठपणासाठी मिळतं. औषध दमदार आहे, पण फिजिशियनच्या देखरेखीखाली, मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने नव्हे.

बाकीचं भराभर. कुशीवर झोपणं खरंच उपयोगी. बनियनच्या पाठीला खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवा. रात्री अकराला सराफ्यात जाऊन गराडू, जोशींचे दहीवडे आणि वर रबडी, मग लगेच उताणं पडणं बंद. बाबा "थोडी" घेत असतील तर झोपेआधीचे चार तास नाही, आणि झोपेची गोळी तर अजिबात नाही. दोन्ही घशाचे स्नायू आणखी ढिले करतात. तोंडाला चिकटपट्टी लावायचं सध्या फॅड आहे, बाबांवर तो प्रयोग नको. सौम्य रोगात दंतवैद्य खालचा जबडा पुढे धरणारं उपकरण करून देतात, ते चांगलं चालतं. थायरॉइड एकदा तपासा. कधीही भूल द्यायची वेळ आली, अगदी हर्नियासाठी, तर भूलतज्ज्ञाला ॲप्नियाचं आधी सांगा.

आणि शंख. आरतीला शंख फुंकल्याने घोरणं जातं का, असं गेल्या गणपतीत मला मंडपातच विचारलं गेलं. जयपूरच्या डॉक्टरांनी ३० रुग्णांवर सहा महिने हा प्रयोग केला होता, तो २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. शंख फुंकणाऱ्यांची पेंग कमी झाली आणि तासाचे अडथळे चार-पाचने घटले. घशाच्या स्नायूंचा व्यायामच तो, खुशाल फुंका. ४० चे ३५ होतील.

बाबांना घेऊन याल तेव्हा आईला नक्की आणा. तुम्हाला सुट्टी मिळाली नाही तरी चालेल. बाबांशी मी नंतर बोलेन. पहिली दहा मिनिटं मला आईची हवी आहेत. हॉलमध्ये दिवाणावर जायच्या आधी, शेजारी झोपत असताना, आवाज थांबला की ती किती आकडे मोजून त्यांना हलवायची, ते विचारायचं आहे.